उमरखेडचे आकाश व ग्रीक पुराणकथा : बालशिक्षणाच्या दृष्टीने एक विचार

लहान मुलांस परकीय पुराणकथा सांगाव्यात की नाहीत, आणि सांगावयाच्या झाल्यास त्यांचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ग्रीक देवदेवतांची नावे मराठी मुलाच्या कानास अपरिचित असतात. तेथील समुद्र, बेटे व पर्वत त्याने पाहिलेले नसतात. केवळ नावांची व वंशावळींची यादी त्याच्यापुढे ठेवली, तर ती परीक्षेपुरती पाठ होते व पुढे विसरली जाते. यास्तव, मुलाच्या परिचयातील कोणत्या वस्तूच्या आधाराने ही कथासृष्टी त्याच्यापुढे उघडता येईल, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडसारख्या गावी असा आधार मुलाच्या डोक्यावरच आहे. तो म्हणजे रात्रीचे आकाश.

ग्रीक कथांचा मराठी बालवाङ्मयात प्रवेश तसा जुना आहे. तंजावर येथे सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, १८०६ साली, इसापच्या कथांचे ‘बाळबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापले गेले. पुढे १८२८ मध्ये मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ प्रसिद्ध झाली. परंतु हा प्रवेश नीतिकथेच्या द्वाराने झाला. बोलणाऱ्या पशूंच्या गोष्टींची सवय पंचतंत्राने पूर्वीच लावून दिली असल्याने इसापचा कोल्हा मराठीत सहज नांदू लागला. झ्यूस, पर्सियस किंवा पर्सेफोनी यांस मात्र असे आयते घर मिळाले नाही. पुराणकथेत देव असतात. आणि देव म्हटला की श्रद्धेचा प्रश्न येतो.

तथापि दुसऱ्या एका वाटेने ग्रीक पुराणकथा मराठीत आल्या आहेत, आणि ती वाट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाश्चात्त्य खगोलशास्त्रातील तारकासमूहांस मराठी नावे देताना अभ्यासकांनी एका ग्रीक राजकुळाच्या जागी महाभारतातील एक कथा बसविली. कॅसिओपिया ती शर्मिष्ठा, आंद्रोमेडा ती देवयानी, पर्सियस तो ययाति व सीफियस तो वृषपर्वा. आकाशात हे चारही समूह एकमेकांच्या शेजारी आहेत. म्हणून चौघांच्या कथेस चौघांचीच कथा निवडली गेली, हे उघड आहे.

ही निवड किती विचारपूर्वक झाली असावी, हे दोन्ही कथा शेजारी ठेवल्यास कळून येते. ग्रीक कथेत राणी कॅसिओपिया सौंदर्याचा गर्व करते व समुद्रकन्यांस तुच्छ लेखते. त्यामुळे कोपलेला समुद्रदेव पोसायडन एक अक्राळविक्राळ जलचर धाडतो, आणि राज्य वाचावे म्हणून राजकन्या आंद्रोमेडा हिला खडकास बांधण्यात येते. मेड्यूसेचा वध करून परतणारा पर्सियस तिला सोडवितो व तिच्याशी विवाह करतो. महाभारतात दानवराज वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा ही राजकुलाच्या अभिमानाने शुक्राचार्यांच्या देवयानीस विहिरीत ढकलते. ययाति तिला हात देऊन वर काढतो व पुढे तिचे पाणिग्रहण करतो. एकीचा गर्व, दुसरीवर आलेले संकट आणि वीराने केलेली सुटका, हा सांगाडा दोहोंकडे सारखा आहे. परंतु नाती जुळत नाहीत. कॅसिओपिया ही आंद्रोमेडेची माता, तर शर्मिष्ठा ही देवयानीची प्रथम सखी, नंतर दासी व अखेरीस सवत. सीफियस हा कॅसिओपियेचा पती, तर वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा पिता.

शिक्षकाने येथेच सावध राहावयास हवे. ‘शर्मिष्ठा म्हणजेच कॅसिओपिया’ असे सांगितल्यास मूल दोन्ही कथांचा घोटाळा करील व कोणतीच त्याच्या मनात नीट ठसणार नाही. प्रथम ययातीच्या आख्यानातील विहिरीचा प्रसंग सांगावा. काही दिवसांनी त्याच ताऱ्यांकडे बोट दाखवून, दूरच्या एका देशातील लोक येथे दुसरेच कुटुंब पाहत असत, असे सांगून ग्रीक कथा आरंभावी. तारे तेच, कथा निराळ्या. ही जाणीव हाच या शिक्षणाचा पहिला लाभ होय.

कार्तिक महिना यास सर्वांत सोयीचा. पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेले असते, आणि गावाबाहेर कापसाच्या शेताच्या बांधावर उभे राहिले असता दिव्यांचा उजेड आड येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री आठाच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ माथ्यावर असतो. ग्रीकांनी त्यात मेड्यूसेच्या रक्तातून निपजलेला पंख असलेला घोडा पाहिला. त्याच्या एका कोपऱ्यापासून ईशान्येकडे देवयानीची रांग निघते, उत्तरेस शर्मिष्ठेची वाकडीतिकडी पंचतारांकित आकृती दिसते आणि ईशान्येस ययाति असतो. ययातीतील मायावती हा तारा २ दिवस, २० तास व ४९ मिनिटांच्या अंतराने काही तास मंद होतो, कारण त्याचा जोडीदार तारा त्यास झाकतो. ग्रीक आकृतीत हेच मेड्यूसेचे छिन्न मस्तक. मोठ्या मुलांस कथा व निरीक्षण यांची सांगड घालून दाखविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. मुलांस तो मोजावयास सांगावा. बहुतेकांस सहाच तारका दिसतात. ग्रीकांच्या मते या ॲटलासच्या सात कन्या होत, व त्यांपैकी एक लज्जेने वा शोकाने दिसेनाशी झाली. भारतीय कथेत सात ऋषिपत्नींपैकी अरुंधती वसिष्ठांजवळ राहिली व उरलेल्या सहा कृत्तिका होऊन कार्तिकेयाच्या माता झाल्या. न दिसणाऱ्या सातवीचे कारण दोन्ही देशांनी शोधले आहे. त्यानंतर थोड्या वेळाने मृग उगवतो. ग्रीकांचा ओरायन हा शिकारी, आणि त्याच्या मागील तेजस्वी तारा हा त्याचा कुत्रा. आपल्याकडे मात्र तोच समूह हरिण, आणि तोच तारा व्याध. शिकार तीच; शिकारी व सावज यांची जागा तेवढी बदलली.

याहून महत्त्वाची गोष्ट सप्तर्षींच्या बाबतीत आढळते. ग्रीक कथेप्रमाणे या ताऱ्यांत कॅलिस्टो नावाची वनकन्या अस्वलाच्या रूपाने वास करते, आणि हेरेच्या रोषामुळे तिला समुद्रात स्नान करण्याची मनाई आहे. म्हणजे हे अस्वल कधीही मावळत नाही. होमरच्या महाकाव्यांतही अस्वलाच्या न मावळण्याचा उल्लेख आहे. परंतु उमरखेडच्या मुलाने कार्तिकात उत्तरेकडे पाहिले, तर वैशाखात संध्याकाळी उंच दिसलेले सप्तर्षी त्यास कोठेच दिसणार नाहीत. ग्रामीण महाराष्ट्रात ज्या ताऱ्यांस म्हातारीची खाट व तीन चोर म्हणतात, ते सारेच्या सारे क्षितिजाखाली गेलेले असतात. मग ग्रीकांची कथा खोटी काय?

खोटी नव्हे, ती दुसऱ्या भूमीची आहे. उमरखेड सुमारे १९ अंश ३६ कला उत्तर अक्षांशावर आहे, तर अथेन्स सुमारे ३८ अंशांवर. स्थळाचा जो अक्षांश, तितक्याच अंशांवर ध्रुवाचे स्थान क्षितिजापासून उंच असते. ग्रीसमध्ये ध्रुव उंच असल्याने, त्या प्राचीन काळी सातही तारे त्याभोवती फिरताना क्षितिजास टेकत नसत. येथे ध्रुव खाली असल्याने ते बुडतात. कथा रचणाऱ्यांनी आपल्या गावाहून जे दिसले त्याचेच कारण सांगितले. हे एकदा उमगले, की पुराणकथा म्हणजे निव्वळ थाप नव्हे व शास्त्रीय सत्यही नव्हे, तर पाहिलेल्या गोष्टीस माणसाने दिलेला अर्थ होय, हे दहा वर्षांच्या मुलासही समजू शकते.

आता श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळता येईल. पैनगंगेपलीकडे माहूरगडावर रेणुकेचे स्थान आहे, आणि या भागातील असंख्य घरांची ती कुलदेवता आहे. उमरखेडच्या शाळेत मराठी घरांतील मुलांबरोबर बंजारा व आंध समाजांची, बौद्ध व मुस्लिम घरांतील मुलेही एकाच वर्गात बसतात. ‘झ्यूस खरा आहे काय?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच. ‘तो खोटा देव’ असे उत्तर दिले, तर शेजारच्या मुलाच्या देवासही तेच विशेषण लावावयास मूल शिकते. एके काळी ग्रीक लोक त्याची मंदिरे बांधीत व त्यास बळी अर्पण करीत, इतके खरे उत्तर पुरेसे होय. कोणाच्याही घरच्या दैवताशी त्याची तुलना वर्गात करू नये.

ग्रीक कथांतील क्रौर्याविषयीही आक्षेप घेतला जातो. क्रोनस आपली मुले गिळतो, हे लहानांस कसे सांगावे? पण चिलयाबाळाची कथा व परशुरामाने केलेला मातृवध आपल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाच आहे. त्या कथांत भय असूनही मूल भेदरत नाही, याचे कारण बाळ परत मिळते, माता पुन्हा उठते, आणि सांगणारी आजी जवळ बसलेली असते. क्रोनसची मुलेही अखेर जिवंत बाहेर येतात. तेथपर्यंत कथा नेल्याशिवाय तास संपवू नये. सहा-सात वर्षांच्या मुलांस मायडासची किंवा कोळी झालेल्या विणकरीण अरॅक्नीची एकेरी कथा पुरे. कापूसपिकाच्या प्रदेशात दुसरी विशेष रुचेल. ट्रॉयचे युद्ध व त्याची कारणे मोठ्या वयासाठी राखून ठेवणे इष्ट.

सारांश, या शिक्षणास महागडी पुस्तके वा चित्रे अनिवार्य नाहीत. एक निरभ्र रात्र, दोन्ही परंपरांची नीट माहिती असलेला शिक्षक आणि मोजू पाहणारी मुले एवढी सामग्री उमरखेडास सहज लाभते. परक्यांची कथा ऐकून घरी परतलेल्या मुलाने आजीस तिच्या खाटेची व चोरांची गोष्ट पुन्हा विचारली, तर शिक्षकाचा हेतू सफल झाला असे समजावे.