लांबलचक पोलिश शब्द

पोलिश भाषेंतील लांबलचक शब्द पाहून पुष्कळांची छाती दडपते. परंतु ही भीति लिपीची आहे, उच्चाराची नव्हे, असें आम्हांस वाटतें. 'सुख' या अर्थाच्या पोलिश शब्दास रोमन लिपीचे ९ वर्ण लागतात. देवनागरींत मात्र तो 'श्चेंश्चे' अशा दोनच अक्षरांत मावतो! कारण तेथें एस व झेड मिळून एकच 'श', सी व झेड मिळून एकच 'च' होतो. अशा जोड्या कधींहि फोडूं नयेत.

पुढचें काम वृत्तांतील अक्षरें मोजणाऱ्या वाचकांस सोपें आहे. जितके स्वर, तितकीं अक्षरें. अर्धें व्यंजन मोजावयाचें नाहीं. 'स्वातंत्र्य' याचा पोलिश शब्द घ्या: न्ये-पॉद्-ले-ग्वोश्च्. अक्षरें चार, आणि बहुतेक पोलिश शब्दांप्रमाणें आघात शेवटून दुसऱ्यावर, म्हणजे 'ले'वर.

१९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापुराजवळ वळिवड्यास सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांत स्त्रिया व मुलेंच अधिक. घरदार गमावलेल्या माणसाजवळ स्वतःचें म्हणून जें उरतें, त्यांत नांव मुख्य. तें तोडमोड न करतां अक्षरशः नीट उच्चारणें, हेंहि आतिथ्यच होय.