चालत्या क्लस्टरची सामायिक डिस्क वाढवताना

खराडीतील रविवार

मुळा-मुठेच्या काठी, नगर रस्त्यालगत वसलेल्या खराडीत आज इऑन फ्री झोन, वर्ल्ड ट्रेड सेंटर यांसारखी संकुले उभी आहेत. त्यांच्या अनेक मजल्यांवर परदेशी बँकांच्या आणि कंपन्यांच्या संगणकयंत्रणा सांभाळण्याचे काम चालते. यंत्रे स्वतः बहुधा इथे नसतात. ती हजारो किलोमीटर दूर असतात आणि खराडीत असतात ती त्यांच्याकडे पाहणारी माणसे. न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे रविवारी सकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. लंडनच्या शनिवारी रात्री दहाला इथे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन. मोठे बदल करण्यासाठी ग्राहक जो निवांत कालखंड देतो, त्याला या व्यवसायात ‘चेंज विंडो’ म्हणतात. तिच्यात होणाऱ्या नेहमीच्या कामांपैकी एक म्हणजे क्लस्टरची भरत आलेली सामायिक डिस्क वाढवणे, तेही सेवा बंद न करता.

सामायिक डिस्क म्हणजे काय

घरच्या संगणकाची डिस्क एकाच यंत्राच्या मालकीची असते. क्लस्टरमध्ये दोन किंवा अधिक सर्व्हर एका साठवणयंत्राला जोडलेले असतात आणि त्यातील एकच डिस्क त्या सर्वांना दिसते. अशा प्रत्येक सर्व्हरला ‘नोड’ म्हणतात. हेतू साधा आहे: एक नोड कोसळला तरी माहिती दुसऱ्याच्या हाताशी असावी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1983 मध्ये बाजारात आणलेल्या व्हॅक्सक्लस्टरने ही रचना व्यवहारात रुजवली. साठवणयंत्रातून कापून दिलेल्या डिस्कच्या तुकड्याला ‘लन’ हे नाव आहे. लन म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू नव्हे. शेकडो चकत्यांवर किंवा चिपांवर पसरलेली जागा एकसंध भासवणारा तो एक हिशेब आहे. हिशेब असल्यामुळेच तो मागाहून बदलता येतो, आणि या लेखाचा सगळा विषय त्या एका शक्यतेवर उभा आहे.

सामायिकतेचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात डिस्क सर्वांना दिसते, पण एका वेळी एकच नोड ती वापरतो. तो पडला की दुसरा ताबा घेतो. दुसऱ्या प्रकारात सर्व नोड एकाच वेळी लिहितात आणि वाचतात. त्यासाठी खास फाइल प्रणाली लागते. मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेल्या जीएफएसची पुढची आवृत्ती जीएफएस-टू, ओरॅकलची ओसीएफएस-टू आणि विंडोजचे ‘क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम’ ही तिची परिचित उदाहरणे. एकाच ओळीवर दोन नोडांनी एकदम हात घालू नये म्हणून त्यांच्यात कुलपांची देवाणघेवाण अखंड चालू असते. साधी एक्सएफएस किंवा ईएक्सटी-फोर फाइल प्रणाली दोन नोडांवर एकाच वेळी चढवली, तर ती दोघांनाही चढू देते आणि काही मिनिटांत माहितीचा चिखल करते. डिस्क दोघांना दिसली म्हणून ती दोघांनी वापरणे सुरक्षित ठरत नाही.

थरांची उतरंड

डिस्क आणि फाइल यांच्यामध्ये बरेच थर असतात. सर्वांत खाली साठवणयंत्रातील लन. तो फायबर चॅनेलच्या किंवा आयस्कझीच्या तारांवरून सर्व्हरपर्यंत येतो. एक तार तुटली तरी काम थांबू नये म्हणून वाटा अनेक ठेवतात, आणि प्रत्येक वाटेने आलेला लन सर्व्हरला वेगळी डिस्क म्हणून दिसतो. या वाटा एकत्र बांधून एकच डिस्क दाखवणारा थर म्हणजे ‘मल्टिपाथ’. त्यावर एलव्हीएम, म्हणजे अनेक डिस्कांची जागा एका कोठारात जमा करून हवी तशी वाटून देणारा थर. त्याच्यावर फाइल प्रणाली, आणि अगदी वर डेटाबेस किंवा अनुप्रयोग. प्रत्येक थर आपल्या खालच्या थराचा आकार एकदा विचारून घेतो आणि लक्षात ठेवतो. पुन्हा विचारण्याचे कारण त्याला सहसा पडत नाही. म्हणून खाली लन वाढवला तरी वरच्या थरांच्या लेखी काहीच घडलेले नसते.

विस्ताराचा क्रम

क्रम नेहमी खालून वर जातो. साठवणयंत्रावर लनचा आकार बदलणे हे काही सेकंदांचे काम. त्यानंतर पुढच्या विचारणेच्या वेळी साठवणयंत्र सर्व्हरला ‘क्षमता बदलली आहे’ असा स्कझी संकेत पाठवते आणि लिनक्सच्या नोंदवहीत तशी ओळही उमटते; पण बहुतेक वेळा सर्व्हर ती ओळ लिहून ठेवतो आणि जुनाच आकार धरून चालतो. नवा आकार त्याच्या गळी उतरवण्यासाठी प्रत्येक वाटेवर ‘रीस्कॅन’ करावे लागते.

इथे आकड्यांनी विचार केला तर कामाचे स्वरूप स्पष्ट होते. चार नोडांचे क्लस्टर आणि प्रत्येक नोडकडे चार वाटा, म्हणजे एकच लन सोळा डिस्कांच्या रूपाने दिसतो. सोळाही ठिकाणी रीस्कॅन व्हावे लागते. एखाद्या नोडची एक वाट राहून गेली, तर मल्टिपाथला तीन वाटा 3 टेराबाइट सांगतात आणि चौथी 2 टेराबाइट. तो वाढीव आकार मान्य करत नाही आणि हे त्याचे शहाणपणच आहे. सर्व वाटा एकमुखाने बोलू लागल्या की मल्टिपाथला नवा आकार घ्यायला सांगायचे, तेही चारही नोडांवर. मग एलव्हीएमच्या कोठाराला वाढलेल्या डिस्कची जाणीव ‘पीव्हीरिसाइझ’ने करून द्यायची, ‘एलव्हीएक्स्टेंड’ने त्या कोठारातील कप्पा मोठा करायचा आणि अखेरीस फाइल प्रणाली वाढवायची.

खालचे टप्पे प्रत्येक नोडवर करायचे आणि वरचे टप्पे एकाच नोडवर, हा भेद नव्या माणसाला बराच काळ गोंधळात टाकतो. त्याचे कारण माहिती कुठे साठवलेली आहे यात आहे. डिस्क केवढी आहे ही समजूत प्रत्येक नोडच्या स्वतःच्या स्मृतीत असते, म्हणून ती प्रत्येकाला वेगळी सांगावी लागते. कोठाराचा आणि फाइल प्रणालीचा हिशेब मात्र डिस्कवरच लिहिलेला असतो, आणि डिस्क तर सर्वांची एकच. तो एकाने बदलला की सर्वांसाठी बदलतो.

धोका नेमका कुठे

धोका याच सांध्यात आहे. समजा, तीन नोडांना नवा आकार कळला आहे आणि चौथ्याला नाही. अशा स्थितीत पहिल्या नोडवरून ‘जीएफएस-टू ग्रो’ चालवले, तर फाइल प्रणाली वाढलेल्या भागात नवे कप्पे आखते आणि तशी नोंद डिस्कवर करते. चौथा नोड ती नोंद वाचतो, नव्या कप्प्याकडे जाऊ पाहतो आणि त्याच्या समजुतीप्रमाणे डिस्क जिथे संपते त्याच्या पलीकडे हात घालतो. त्याला त्रुटी मिळते. जीएफएस-टूचा नियम असा की डिस्कवरील नोंदीत विसंगती किंवा अशी त्रुटी आढळली की त्या नोडने फाइल प्रणालीतून माघार घ्यायची, म्हणजे पुढचे नुकसान टळते. परिस्थितीप्रमाणे इतर नोड त्याला ‘फेन्स’ करतात, म्हणजे त्याची वीज किंवा डिस्कपर्यंतचा रस्ता तोडतात. सेवा बंद न करता जागा वाढवायला निघालेला माणूस अशा वेळी एक आख्खा नोड गमावून बसतो, आणि कारण असते राहून गेलेली एक आज्ञा.

म्हणून अनुभवी लोक फाइल प्रणालीला हात लावण्यापूर्वी थांबतात. चारही नोडांवर डिस्कचा आकार बाइटमध्ये छापून घेतात आणि चारही आकडे अंकाला अंक जुळतात का ते पाहतात. टेराबाइटमधला गोल आकडा या कामाला उपयोगी नाही. एलव्हीएमचा कप्पा वाढवल्यावरही हीच तपासणी पुन्हा करतात. काही आवृत्त्या इतर नोडांना आपणहून कळवतात, काहींत प्रत्येक नोडवर ‘रिफ्रेश’ द्यावे लागते. या दोन थांब्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.

इतर पद्धतींतील फरक

ओरॅकलच्या एएसएममध्ये, जी 2003 पासून टेन-जी आवृत्तीबरोबर आली, फाइल प्रणालीचा वेगळा थर नसतो. डेटाबेस डिस्कांचा गट स्वतः सांभाळतो. तिथे प्रत्येक नोडवर रीस्कॅन झाल्यावर एका आज्ञेत गटातील सर्व डिस्कांचा आकार वाढवता येतो. गटातील डिस्का समान आकाराच्या ठेवण्याचा दंडक मात्र पाळावा लागतो, कारण एएसएम माहिती आकाराच्या प्रमाणात पसरवते आणि मोठ्या डिस्कवर जास्त भार पडतो. नवी डिस्क गटात घातली तर माहितीचे फेरवाटप सुरू होते. त्याची गती ठरवणारा आकडा जुन्या आवृत्त्यांत 11 पर्यंत होता, पुढे 1024 पर्यंत गेला. सोमवारची सकाळ जवळ असताना तो आकडा किती ठेवावा यावर पुष्कळ चर्चा झडतात.

विंडोजच्या क्लस्टरमध्ये विस्ताराची आज्ञा त्या वेळी डिस्कचा मालक असलेल्या नोडवरूनच द्यायची असते. व्हीएमवेअरमध्ये साठवणकोठार चालू असताना वाढते, पण अनेक आभासी सर्व्हर एकत्र लिहीत असलेली आभासी डिस्क चालू स्थितीत वाढवणे त्याच्या अनेक आवृत्त्यांत समर्थित नाही. तिथे यंत्रे बंद करावीच लागतात.

वाटेतले खड्डे

जुन्या एमबीआर पद्धतीच्या विभाजन-तक्त्यात जागेचा पत्ता 32 बिटांत लिहितात. 512 बाइटांचा एक खंड धरला तर हा पत्ता 2 टेबिबाइटवर, म्हणजे सुमारे 2.2 टेराबाइटवर संपतो. दीड टेराबाइटची डिस्क तीनवर नेली तरी वरची जागा तशीच पडून राहते. मोठ्या डिस्कांवर जीपीटी तक्ता घालतात, किंवा तक्ताच न घालता अख्खी डिस्क एलव्हीएमला देतात. दुसरी पद्धत विस्ताराच्या दृष्टीने अधिक सोपी, कारण मधला एक थरच कमी होतो.

एककांचा घोळ याहून क्षुल्लक, तरीही त्रासदायक आहे. 10 टेराबाइट म्हणजे साधारण 9.09 टेबिबाइट. मागणीपत्रात एक एकक आणि साठवणयंत्राच्या पडद्यावर दुसरे असले, तर जवळजवळ एक टेराबाइट कमी मिळाल्याची तक्रार दुसऱ्या दिवशी हमखास येते.

‘थिन’ पद्धतीने दिलेल्या लनमध्ये जागा कागदावर असते. प्रत्यक्षात ती लिहिले जाईल तशी खर्च होते. साठवणयंत्राची खरी जागा न तपासता दहा लन वाढवले, तर दहाही क्लस्टर एकाच वेळी अडचणीत येऊ शकतात. दूरच्या शहरात लनची प्रतिकृती चालू असेल तर तिकडचा लनही वाढवावा लागतो. अनेक साठवणयंत्रांत त्यासाठी प्रतिकृती तात्पुरती थांबवतात, आणि तेवढा वेळ आपत्कालीन सोय नसते. नोडांच्या मतमोजणीसाठी ठेवलेल्या छोट्या ‘कोरम’ डिस्कला या कामात कोणीही हात लावत नाही.

परतीची वाट

या कामाला परतीची वाट नाही. जीएफएस-टू लहान करता येत नाही, एक्सएफएसचा आकारही व्यवहारात कमी होत नाही. बदलाच्या अर्जात ‘रोलबॅक’चा रकाना असतो आणि तिथे बहुधा बॅकअपवरून पुनर्स्थापना असे लिहिलेले असते. ते खरे आहे. फक्त तीस टेराबाइट परत आणायला किती तास लागतील याचा हिशेब त्या रकान्यात क्वचितच असतो.

आडवा विस्तार

एकाच डिस्कला मोठे करत जाण्याऐवजी नव्या डिस्का आणि त्यांचे नवे सर्व्हर शेजारी जोडणे, ही दुसरी वाट. महासंगणकांची साठवण अशीच वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सप्टेंबर 2024 मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ महासंगणकाची गणनक्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स आणि साठवण 33 पेटाबाइट आहे. एवढी साठवण एका लनमध्ये मावणारी नाही. अशा ठिकाणी समांतर फाइल प्रणाली एका फाइलचे तुकडे अनेक सर्व्हरांवर पसरवते. नवा सर्व्हर जोडला की क्षमता आणि वेग दोन्ही वाढतात. जुनी माहिती मात्र जुन्याच डिस्कांवर राहते, ती हलवण्याचे काम वेगळे.

रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीपासून जीएफएस-टूचा आधार काढून घेतला, त्यामागचा कलही याच दिशेचा दिसतो. अनेक यंत्रांनी एकाच डिस्कवर लिहिण्याची गरज आता बऱ्याच ठिकाणी वरच्या थरात भागवली जाते.

क्लाउडमधील स्थिती

मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ हा क्लाउड विभाग 2015 पासून पुण्यात आहे. क्लाउडमध्येही सामायिक डिस्क मिळते. ॲमेझॉनने 2020 मध्ये आणलेल्या सोयीत एक डिस्क एकाच उपलब्धता-क्षेत्रातील 16 सर्व्हरांपर्यंत जोडता येते. इथे लन वाढवणे म्हणजे एका खिडकीत आकडा बदलणे, साठवणयंत्र डोळ्यांआड असते. पण तारांचे थर नाहीसे झाले तरी फाइल प्रणालीचे आणि नोडांच्या समजुतीचे थर तिथेही तसेच राहतात, आणि सामायिक डिस्कांना एकट्या डिस्कांपेक्षा कडक नियम लागू असतात.

विस्तारानंतर

काम संपल्यावर टेहळणीची मर्यादा तपासायची असते. 80 टक्के भरल्यावर इशारा देण्याची सवय सर्वत्र आहे. 10 टेराबाइटच्या डिस्कवर त्या क्षणी 2 टेराबाइट शिल्लक असतात, 20 च्या डिस्कवर 4. माहिती रोज 50 गिगाबाइटने वाढत असेल, तर पहिला इशारा डिस्क भरण्याच्या 40 दिवस आधी येतो आणि दुसरा 80 दिवस आधी. पुढची चेंज विंडो तीन महिन्यांनी मिळणार असेल, तर दोन्ही उशिराच आहेत.