जंतूंची देवघेव

काल गुण देणारे औषध आज गुण देईनासे झाले, की सामान्य माणूस औषधाच्या कसाविषयी शंका घेतो. औषध तेच असते. बदललेला असतो तो रोगजंतू. हा बदल कसा घडतो, हे उलगडून दाखविण्यात लंडनच्या नाओमी दत्ता यांचा वाटा मोठा आहे.

१९२२ साली जन्मलेल्या या इंग्रज विदुषीला दत्ता हे आडनाव प्रकाश दत्ता या जीवरसायनशास्त्रज्ञाशी झालेल्या विवाहामुळे मिळाले. वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्या जंतुशास्त्राकडे वळल्या आणि १९५७ पासून हॅमरस्मिथ रुग्णालयातील पदव्युत्तर वैद्यक विद्यालयात काम करू लागल्या. १९५९ मध्ये तेथे साल्मोनेला जंतूंमुळे जुलाबाची साथ उद्भवली. दत्ताबाईंनी जपून ठेवलेले जंतूंचे ३०९ नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी २५ औषधांना दाद देत नाहीत असे आढळले. साथ एकाच वाणाच्या जंतूची होती आणि आरंभीचे नमुने औषधाला बळी पडणारे होते. मग हे नवे सामर्थ्य आले कोठून?

जंतूच्या गुणसूत्रात क्वचित एखादा आकस्मिक बदल होतो. तो उपकारक ठरला तर तो जंतू तगतो व त्याचा वंश वाढतो, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत होती. परंतु एकच जंतू एकदम दोन-तीन औषधांना पुरून उरतो, याचा उलगडा तिने होत नव्हता. एक अपघातच जेथे दुर्मिळ, तेथे तीन अपघात एकाच जागी घडावेत कसे? जपानी शास्त्रज्ञांना १९५९ मध्ये हगवणीच्या जंतूंत याचे उत्तर सापडले होते. १९६२ मध्ये दत्ताबाईंनी लंडनच्या साथीतही तेच दाखवून दिले: औषधाला न जुमानण्याचा गुण एक जंतू दुसऱ्याला नुसत्या सान्निध्याने देऊ शकतो.

ही देवघेव प्लाझ्मिडद्वारे होते. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळे असे डीएनएचे लहानसे कडे. जंतू त्याची एक प्रत शेजाऱ्याला देतो आणि एक स्वतःजवळ ठेवतो. विद्या दिल्याने वाढते असे आपण म्हणतो. जंतूंच्या जगात ते अक्षरशः खरे आहे. शिवाय घेणारा स्वजातीचाच असावा, असा निर्बंध नाही. आतड्यातील निरुपद्रवी जंतूकडूनही घातक जंतूला हा गुण मिळू शकतो.

एका पेशीत कोणती प्लाझ्मिडे एकत्र नांदतात व कोणती नांदत नाहीत, यावरून दत्ताबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची वर्गवारी केली. त्यांचे सहकारी हेजेस व जेकब यांनी १९७४ मध्ये असे दाखविले, की प्रतिकाराचे जनुक एका प्लाझ्मिडावरून दुसऱ्यावर उडी घेते. जणू गाडी बदलून प्रवास करणारा उतारूच!

एक प्रश्न मात्र उरला. ही वाहने औषधांमुळे जन्माला आली, की आधीपासूनच होती? त्याचा निर्णय जुन्या कुप्यांनी दिला. मरे नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात आतड्यातील जंतूंचे शेकडो वाण जमविले होते. त्यांतील बहुतेक प्रतिजैविकांचा प्रसार होण्यापूर्वीचे. व्हिक्टोरिया ह्यूजेस यांच्यासह दत्ताबाईंनी ते तपासले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे चतुर्थांश वाणांत डीएनए दुसऱ्याला देण्याची सोय होती. परंतु त्यांतून हाती आलेल्या प्लाझ्मिडांवर प्रतिकाराचे जनुक नव्हते. गाड्या जुन्याच होत्या. माल मागाहून चढला. १९८५ मध्ये रॉयल सोसायटीने दत्ताबाईंना सदस्यत्व दिले. २००८ मध्ये त्या निवर्तल्या. पुढे त्याच संग्रहातील जंतूंचे संपूर्ण जनुकक्रमही वाचले गेले.

हा माल चढविला कोणी? प्रतिकाराची जनुके निसर्गात फार प्राचीन आहेत, कारण मातीतील सूक्ष्मजीव स्वतःच प्रतिजैविके निर्माण करतात. परंतु ती जनुके रोगजंतूंत फोफावली, ती माणसाने रुग्णालयांत, गोठ्यांत व कुक्कुटपालनात ही औषधे सढळ हाताने वापरल्यामुळे. औषध दुबळ्या जंतूंना मारते आणि सबळांना मोकळे रान देते. भारतात अनेक प्रतिजैविकांची विक्री २०१४ पासून एच-१ अनुसूचीखाली नोंदवहीत लिहून ठेवावी लागते, ती याच कारणासाठी. साध्या पडशावर प्रतिजैविक घेतले, तर पडसे विषाणूजन्य असल्याने गुण येत नाही. आतड्यातील जंतूंना मात्र फुकटचा सराव मिळतो. मग शेजारच्या रुग्णावर ते औषध चालले नाही, तर त्या अपयशात या अनावश्यक गोळ्यांचाही वाटा असू शकतो.