कुलूप परक्याचें, घर आपलें

घरांत नवें कुलूप आलें कीं जुन्या पिढींतील वडील माणसें पहिला प्रश्न विचारीत, "किल्ल्या किती मिळाल्या?" दोन मिळाल्या असें सांगितलें तरी त्यांचें पुरतें समाधान होत नसे. तिसरी किल्ली दुकानदारानें ठेवून घेतली नसेल कशावरून, ही शंका मनाच्या कोपऱ्यांत राहीच. त्या शंकेला आम्ही लहानपणीं हसत असूं. आतां हसूं येत नाहीं. कारण जगांतील मोठमोठीं सरकारें हाच प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांना विचारीत आहेत, आणि त्या कंपन्यांना त्याचें सरळ उत्तर देणें जड जात आहे. संगणक, दूरध्वनीचीं यंत्रें, बँकांचे हिशेब ठेवणारीं साधनें हीं सारीं परक्यांनीं घडविलेलीं. त्यांत तिसरी किल्ली नाहीं याची खात्री कशी करावी? सरकारें म्हणतात, "तुमचा सोर्स कोड आम्हांस दाखवा." कंपन्या म्हणतात, "तो आमचा जीव आहे, तो कसा दाखवावा?" या वादाचा परामर्ष आज घेण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, ही काय वस्तु आहे हें समजलें पाहिजे. ज्या घरांतील मुलगा किंवा सून हिंजवडीस अथवा बंगळूरास याच कामावर जाते, तेथें हें सांगण्याचें वास्तविक प्रयोजन नाहीं. परंतु त्याच घरांतील आजीबाईंकरितां दोन शब्द सांगणें इष्ट होय. गोड्या मसाल्याची बरणी समोर ठेवली तर अनुभवी गृहिणी वासावरून धणे, खोबरें, दगडफूल ओळखील. पण प्रत्येक जिन्नस किती घेतला, किती भाजला, हें तिला बरणीवरून सांगतां येणार नाहीं. तें ज्या वहींत लिहिलें असेल ती वही म्हणजे सोर्स कोड. कारागीर यंत्राला द्यावयाच्या आज्ञा मनुष्याला वाचतां येतील अशा भाषेंत लिहितो. मग कंपाइलर नांवाचें दुसरें सॉफ्टवेअर त्यांचें शून्य व एक या दोन अंकांच्या लांबलचक माळेंत रूपांतर करतें. गिऱ्हाइकाला मिळते ती माळ, म्हणजे बरणींतला मसाला. वही कंपनीच्या तिजोरींत राहते, कारण तिची नक्कल झाली तर धंदा बुडाला.

आतां सरकारांची भीति केवळ भ्रम आहे काय? इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. स्वित्झर्लंडमधील त्सूग प्रांतांत क्रिप्टो ए. जी. नांवाची एक कंपनी होती. गुप्त संदेश लिहिण्याचीं यंत्रें ती करीत असे. स्वित्झर्लंड हा तटस्थ देश, तेव्हां त्याचें यंत्र निर्धोक, अशा समजुतीनें १२० हून अधिक देशांनीं तीं विकत घेतलीं; त्यांत भारत होता आणि पाकिस्तानहि होता. पुढें सन २०२० च्या फेब्रुवारींत वॉशिंग्टन पोस्ट हें पत्र व जर्मनीची झेड. डी. एफ. ही दूरचित्रवाणी यांनीं कागदपत्रांच्या आधारें प्रसिद्ध केलें कीं, अमेरिकेची सी. आय. ए. आणि पश्चिम जर्मनीची हेरसंस्था यांनीं मिळून ती कंपनी सन १९७० मध्येंच गुपचूप विकत घेतली होती. जर्मन मंडळी सन १९९३ मध्यें बाहेर पडली. अमेरिकेची मालकी सन २०१८ पर्यंत चालली. यंत्रांतील गूढलेखनाची रीत मुद्दाम कच्ची ठेविलेली असे, म्हणजे गिऱ्हाइकाला जी गुपितें वाटत तीं मालकाला वाचतां येत. या प्रकरणांतील सर्वांत करुण गोष्ट अशी कीं, कंपनीच्या एका विक्रेत्याला इराणनें सन १९९२ मध्यें हेर समजून पकडलें व सुमारें नऊ महिने कारागृहांत ठेवलें. आपण काय विकीत आहों हें त्या बिचाऱ्याला ठाऊकहि नव्हतें!

तेव्हां संशयाला आधार आहे. पुढें सन २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन यानें अमेरिकन हेरगिरीचीं कागदपत्रें जगापुढें मांडल्यावर हा संशय उघड बोलला जाऊं लागला. त्याच्याहि पूर्वीं, सन २००३ मध्यें, मायक्रोसॉफ्टनें विंडोजची मूळ संहिता निवडक सरकारांना पाहूं देण्याची योजना काढली होती, आणि रशिया व चीन हे दोन्ही देश तींत आरंभींच सामील झाले होते. स्नोडेन-प्रकरणानंतर मागणीला धार आली. सन २०१४ मध्यें रशियाच्या दळणवळण-मंत्र्यांनीं ॲपल व सॅप या कंपन्यांना संहिता दाखविण्याची सूचना केली. चीननें आपल्या बँकांना यंत्रें पुरविणाऱ्यांवर तशीच अट घालणारे नियम काढले. अमेरिकन व्यापारी मंडळांनीं त्यावर मोठी ओरड केली, व सन २०१५ मध्यें ते नियम तहकूब झाले. उलट बाजूसहि हेंच चित्र दिसतें. रशियन कंपनी कॅस्परस्की हिचें सॉफ्टवेअर आपल्या कचेऱ्यांतून काढून टाकण्याचा हुकूम अमेरिकेनें सन २०१७ मध्यें दिला, तेव्हां ती कंपनी आपण होऊन "या, आमची संहिता तपासा" असें म्हणाली, आणि सन २०१८ मध्यें झुरिक येथें तिनें त्यासाठीं दालनहि उघडलें. पण एकदां मन विटलें म्हणजे उघडी वहीहि उपयोगी पडत नाहीं. सन २०२४ मध्यें अमेरिकेनें तिच्या मालाची विक्रीच बंद केली.

वही पाहिल्यानें खरोखर काय साधतें, हें समजून घेण्यास इंग्लंडमधील बॅनबरी या गांवाइतकें दुसरें चांगलें उदाहरण नाहीं. चीनच्या ह्वावे कंपनीचीं दूरध्वनि-यंत्रें ब्रिटननें घेतलीं होतीं. त्यांची तपासणी करण्यासाठीं सन २०१० मध्यें तेथें एक केंद्र उघडण्यांत आलें. खर्च कंपनीचा, परंतु तपासनीस ब्रिटिश सरकारनें पारखून घेतलेले, आणि सन २०१४ पासून त्यांच्यावर एक देखरेख-मंडळ, अशी व्यवस्था होती. या मंडळाचे वार्षिक अहवाल ज्या कोणी वाचले असतील, त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली असेल. तपासनीस चिनी हेराची चोरवाट शोधावयास गेले, आणि त्यांना सांपडला तो अव्यवस्थितपणा. सन २०१९ च्या अहवालांत एका यंत्राविषयीं म्हटलें आहे कीं, संदेश सुरक्षित ठेवणाऱ्या ओपन-एस-एस-एल नांवाच्या एकाच साधनाच्या चार निरनिराळ्या आवृत्त्या, आणि त्यांच्या मिळून ७० संपूर्ण प्रती, एकाच ठिकाणीं कोंबलेल्या होत्या. ज्या स्वयंपाकघरांत एकाच लोणच्याच्या सत्तर बरण्या असून कोणती कोणत्या सालची हें कोणासच ठाऊक नसेल, तेथें बुरशी कोठें लागली हें कोण सांगणार? हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळें आहेत असें आम्हांस वाटत नाहीं, असें मंडळानें स्पष्ट लिहिलें. पण अशा ढिसाळ कारागिरीमुळें कोणालाहि आंत शिरतां येईल, ही चिंताहि तितक्याच स्पष्टपणें बोलून दाखविली.

याहून खोल अशी दुसरी अडचण त्या केंद्राला आली. दाखविलेली वही आणि विकलेला मसाला एकच आहे कशावरून? दिलेल्या संहितेपासून तपासनीसांनीं स्वतः माळ तयार केली, तर ती प्रत्यक्ष यंत्रांतील माळेशीं तंतोतंत जुळेना. मग त्या तपासणीचें मोल किती? केन टॉम्प्सन या थोर संगणक-शास्त्रज्ञानें सन १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखवून दिलें होतें कीं, संहितेचें रूपांतर करणारा कंपाइलरच बिघडविला, तर संहिता गंगेसारखी निर्मळ असूनहि तयार होणारा माल विषारी निघूं शकतो. ही केवळ कल्पना नव्हे. सन २०२० च्या अखेरीस उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणांत चोरांनीं हेंच केलें. मूळ वहीला त्यांनीं हात लावला नाहीं; माल तयार होत असतांनाच त्यांत भेसळ केली, आणि सुमारें १८,००० गिऱ्हाइकांनीं ती कंपनीच्याच शिक्क्यानिशीं घेतली.

सरकारांच्या मागणीला आणखी एक काळी बाजू आहे. जो कुलूप तपासतो त्याला तें फोडावें कसें हेंहि कळतें. ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या अमेरिकन कंपनीनें रशियांत माल विकण्याचा परवाना मिळावा म्हणून आपल्या आर्कसाइट नांवाच्या सॉफ्टवेअरची संहिता एका रशियन संस्थेस तपासूं दिली. कंपनीच्या देखरेखीखालीं तपासणी झाली, संहिता दाराबाहेर गेली नाहीं, असें कंपनीचें म्हणणें. पण सन २०१७ मध्यें रॉयटर्सनें ही बातमी दिली तेव्हां लोकांच्या लक्षांत आलें कीं, अमेरिकेचें युद्धखातें आपल्या जाळ्यांचा पहारा याच सॉफ्टवेअरकडून करून घेत होतें! पहारेकऱ्याची दिनचर्या जणूं शेजाऱ्याला वाचून दाखविली गेली होती. सिमँटेक या दुसऱ्या कंपनीनें मात्र, तपासणारी संस्था सरकारपासून पुरेशी अलिप्त नाहीं असें म्हणून, बाजारपेठेवर पाणी सोडलें पण संहिता दाखविली नाहीं. पुढें सन २०१८ मध्यें अमेरिकेनें कायदा केला कीं, युद्धखात्यास सॉफ्टवेअर विकणाऱ्यानें आपली संहिता कोणा परकीय सरकारास दाखविली असल्यास तें आधीं सांगावें.

आपल्या देशाचा यांत संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. सन २०१० मध्यें भारत सरकारनें परदेशी दूरसंचार-यंत्रांच्या विक्रेत्यांवर, मूळ संहिता त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवावी, अशी अट घातली होती. विक्रेत्यांनीं हरकत घेतली, आणि पुढील वर्षीं ती अट सौम्य झाली. सन २०२५ च्या जुलैंत भारत व ब्रिटन यांच्यांत ज्या व्यापार-करारावर सह्या झाल्या, त्यांत तर विक्रीची अट म्हणून संहिता मागूं नये असें कलम आहे. चौकशी वगैरे कारणांसाठीं अपवाद राखले आहेत एवढेंच. अशीं कलमें इतर करारांतहि आहेत. परंतु त्यांचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकेनेंच सन २०२३ मध्यें जागतिक व्यापार संघटनेंतील वाटाघाटींत तो पाठिंबा काढून घेतला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जो हक्क एकदां करारानें सोडला, तो पुढें गरजेच्या वेळीं परत मिळविणें कठीण.

मग आमचें मत काय? आम्ही दोन्ही टोकें टाळूं. वीज, बँका, दूरध्वनि, सैन्य यांसारख्या जागीं जें यंत्र बसावयाचें, त्याच्या पोटांत डोकावण्याचा हक्क विकत घेणाऱ्या राष्ट्राला असलाच पाहिजे. मात्र हा हक्क मर्यादित असावा. तपासणी मालकाच्या जागेंत व्हावी, संहितेची प्रत बाहेर जाऊं नये, आणि सांपडलेला दोष कंपनीस सांगून दुरुस्त करून घ्यावा. तो दोष हत्यार म्हणून जपून ठेवणारें सरकार पहारेकरी राहत नाहीं. तेंच तिसरी किल्ली बाळगणारें होतें, आणि ती किल्ली उद्यां आपल्याच प्रजेच्या दारास लागणार नाहीं याची हमी कोण देणार?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वही हातीं आली तरी ती वाचणारा पाहिजे. कोट्यवधि ओळींची संहिता चाळून तींतील खोट ओळखणें हें वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचें काम आहे. आपल्या कुटुंबांतून या विद्येंत निष्णात झालेलीं मुलें-मुली आज शेंकड्यांनीं परदेशच्या कंपन्यांच्या वह्या लिहीत आहेत. त्यांची हुशारी वादातीत आहे. पण लिहिणाऱ्याला पगार भरपूर व मान मोठा. दुसऱ्यानें लिहिलेलें तपासणाऱ्याला दोन्ही बेताचेंच, अशी स्थिति आहे. ती पालटल्याविना नुसत्या कायद्यांनीं कांहीं होणार नाहीं. बॅनबरीच्या तपासनीसांनीं जें ब्रिटनला सांगितलें, तें आपल्याला सांगणारीं माणसें आपल्याच घरांत तयार झालीं पाहिजेत.

तोंवर घरापुरतें तरी आपण सावध असावें. इंटरनेटच्या पेटीचा कारखान्यांतून आलेला पासवर्ड बदलावा. यंत्राची दुरुस्ती किती वर्षें मिळणार हें किंमतीच्या आधीं विचारावें. आणि मिळणारी दुरुस्ती आळसानें टाळूं नये. वडील माणसें कुलपाच्या किल्ल्या मोजीत, त्यांत परक्याविषयीं द्वेष नव्हता. घराविषयींची जबाबदारी होती. विश्वास ठेवणें चांगलें. पण तो विचारपूस करून ठेविलेला असावा.