बिनतारी संचांची सुधारणा

पोलीस, वन वा आपत्ती निवारण यंत्रणेतील बिनतारी संच अपुरे पडू लागले, की नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. तो नेहमीच आवश्यक असतो असे नाही. आजच्या अनेक डिजिटल संचांत गुप्त संभाषणासारख्या सुविधा आज्ञावलीच्या रूपाने आधीच असतात. त्या केवळ बंद ठेवलेल्या असतात. शुल्क भरल्यावर उत्पादक संचाच्या अनुक्रमांकाशी बांधलेली किल्ली, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक देतो. संगणकाद्वारे ती संचात भरली, की सुविधा खुली होते. एका संचाची किल्ली दुसऱ्यास चालत नाही. त्यामुळे मागणीपत्रातील एका अंकाची चूकही महाग पडते.

मात्र संचात जे मुळातच नाही, ते किल्लीने येत नाही. निव्वळ ॲनालॉग संच डीएमआर पद्धतीचा होऊ शकत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या युरोपीय मानकानुसार १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच मार्गावर दोन स्वतंत्र संभाषणे चालतात.

खरा धोका अर्धवट सुधारणेत आहे. तालुक्याच्या निम्म्या संचांवरच गुप्त संभाषण सुरू केले, तर पुराच्या रात्री उरलेल्या संचांवर निरर्थक खरखर ऐकू येईल किंवा काहीच ऐकू येणार नाही. म्हणून एका जाळ्यातील सर्व संच एकाच वेळी सुधारावेत आणि तत्पूर्वी प्रत्येकाची जुनी मांडणी संगणकावर जतन करावी. नवी कंप्रता हवी असल्यास ती कोणत्याही किल्लीने मिळत नाही. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाकडेच अर्ज करावा लागतो.