"बाबा, एक सांगू का?"

मुलांनो, आणि अर्थातच पालकहो,

गेल्या वर्षी मराठीचा वर्ग सुटल्यावर बसमधून घरी जाताना माझ्या मुलाने मला हा प्रश्न विचारला. तो तेव्हा सेकंडरी दोनमध्ये होता. शाळेतल्या एका मुलाने त्याला व्हेप दाखवले होते. पेनासारखी नळी, आंब्याचा वास. "एकदा ओढून तर बघ," असा आग्रहही केला होता. माझ्या मुलाने नाही म्हटले. पण ही गोष्ट घरी सांगायला त्याला तीन आठवडे लागले.

आणि मी काय केले? आधी त्याचे दप्तर तपासायला मागितले. त्याचा चेहरा एवढासा झाला. पुढे कितीतरी दिवस त्याने मला शाळेतले काहीच सांगितले नाही. ऑफिसात कोणी माझ्या प्रोग्राममधली चूक दाखवली तर मी त्याचे आभार मानतो. घरी मात्र नेमके उलटे वागलो. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. व्यसन म्हणजे अशी सवय, जी आपण सोडायची म्हटली तरी आपल्याला सोडत नाही. असे का होते? आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. चांगले काही घडले की ते थोडे वाढते आणि 'हे पुन्हा कर' असे मेंदूला सांगते. तंबाखूतले निकोटिन हे डोपामिन कष्टांशिवाय, झटपट वाढवते. मेंदूला त्याची सवय लागते. मग पहिल्याइतक्याने भागत नाही आणि मिळाले नाही तर चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तुमच्या वयात मेंदूची वाढ चालू असते, त्यामुळे ही सवय मोठ्यांपेक्षा लवकर जडते. बहुतेक व्हेपमध्ये हेच निकोटिन असते. आंब्याचा वास हा फक्त वरचा कागद.

सिंगापूरमध्ये २०१८ पासून व्हेप ओढणे आणि नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. पुढे काही व्हेपमध्ये एटोमिडेट सापडू लागले. हे डॉक्टरांनी रुग्णाला भूल देण्यासाठी वापरायचे औषध! अशा व्हेपला 'केपॉड' म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने एटोमिडेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. पुढे शिकायला परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंगापूरचे नागरिक आणि पीआर यांनी दुसऱ्या देशात अमली पदार्थ घेतला, तरी तो इथे गुन्हा धरला जातो.

कायदा एवढा कडक असताना वेगळे काही करायची गरज काय, असे कोणी विचारील. सिंगापूरने स्वतःच याचे उत्तर दिले आहे. अमली पदार्थांविरुद्ध काम करणारे सरकारी खाते, सीएनबी, १९७१ साली सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी, १९७२ साली, 'साना' ही स्वयंसेवी संस्था उभी राहिली. पोलीस वस्तू पकडतात. पण मुलाला कोणाशी बोलावेसे वाटेल, हे पोलीस ठरवू शकत नाहीत. ते काम शेजारपाजार, शिक्षक, मित्र आणि घर यांचे.

आपल्या महाराष्ट्रात याचे सुंदर उदाहरण आहे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यातली तरुण मुले 'गर्द'च्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागली होती. लेखक अनिल अवचट यांनी त्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पाहा, एक पत्रकार, एक डॉक्टर, एक साहित्यिक जोडपे आणि एक सरकारी रुग्णालय! एकट्याने कोणालाच ते जमले नसते. तिथले आणखी एक वैशिष्ट्य असे, की व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नव्याने आलेल्यांना धीर देतात. 'मीही यातून गेलो आहे' असे म्हणणाऱ्याचे ऐकावेसे वाटते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. तिथल्या गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारूविरुद्ध चळवळ केली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. पण बंदीने काम संपले नाही. २०१६ साली दारू आणि तंबाखू दोन्हींसाठी 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू करावा लागला. त्यात सरकार, डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि गावातले लोक एकत्र आले.

आता आपल्याबद्दल. 'आपल्या घरात असले काही नसते,' असे आपण पालक सहज म्हणतो. पण गावाकडे तंबाखू मळणारे आजोबा आणि मशेरी लावणारी आत्या आपल्याच घरातली असते. पार्टीत बाबांच्या हातातला ग्लासही मुले पाहतातच. तेव्हा उपदेशाच्या आधी थोडा खरेपणा हवा.

आपल्या वर्गासाठी मला तीन गोष्टी सुचतात.

१. मुलांनो, कोणी काही देऊ केले तर "नको, मला नाही आवडत" एवढे पुरे. कारण द्यायची गरज नाही. आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगा. आईबाबांना सांगणे जमत नसेल तर काका, मावशी किंवा आपल्या मराठीच्या बाई चालतील. मित्र अडकला असेल तर सांगणे ही चहाडी नव्हे. व्हेप सोडण्यासाठी जो स्वतःहून मदत मागतो त्याला दंड होणार नाही, असे सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे.

२. पालकहो, मूल सांगायला आले की पहिले वाक्य "सांगितलेस ते बरे केलेस" हे असू द्या. दप्तर नंतर.

३. आपल्या वर्गातून शिकून गेलेले ताई-दादा आता कॉलेजात किंवा एनएसमध्ये आहेत. महिन्यातून एकदा, वर्ग सुटल्यावर अर्धा तास, त्यांनी मोठ्या मुलांशी गप्पा माराव्यात. पालकांनी त्या वेळी बाहेर चहा घ्यावा.

तिसऱ्या सूचनेसाठी दोन ताई तयार आहेत. आणखी कोणी येणार असेल तर बाईंकडे नाव द्यावे. माझा मुलगा आता पुन्हा थोडेथोडे सांगू लागला आहे. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवला. "दप्तराचे लिहिलेस ते बरे केलेस," असे तो म्हणाला.