कच्चं लिंबू नको, पक्का गडी

खेळात एखादं पोर लहान असलं किंवा त्याला पळता येत नसलं, की आपल्याकडे त्याला कच्चं लिंबू करतात. ते सगळ्यांसोबत पळतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. यात मुलांचा मोठेपणा आहेच. पण पायाला कॅलिपर लावलेली मुलगी चौथी-पाचवीपर्यंत कच्चीच राहत असेल, तर दोष मैदानाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्यात तो पावसाळ्यात उघडा पडतो. काळी माती भिजली की चाकाची खुर्ची फाटकातच रुतते. पुढे रंगीत घसरगुंडी असली काय, नसली काय! म्हणून आधी जमीन बघावी. मुरूम टाकून, दाबून घट्ट केलेली वाट हवी आणि फूटभर उंचीला किमान बारा फूट लांबीचा उतार.

मग खेळणी. वाळूचा हौद टेबलाएवढा उंच घेऊन खाली गुडघे जातील एवढी जागा सोडली, की खुर्चीतला आणि उभा असे दोघंही एकाच वाळूत किल्ला बांधतात. टोपलीसारख्या रुंद झोक्यात तिघं मावतात. ज्याला तोल सावरत नाही तो मधे आडवा होतो, बाकीचे त्याला धरतात. गोंगाट न सोसणाऱ्या स्वमग्न मुलाला झाडाखाली आडोसा द्यावा, मात्र तिथून खेळ दिसला पाहिजे. कोपऱ्यात ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी लावून वेगळा झोका बसवणं मला मुळीच पटत नाही. नुसत्या शेजाराने पूर्वग्रह जात नाहीत, बरोबरीचा दर्जा आणि मिळून करायचं काम लागतं, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडलं होतं.

भाषेचंही तसंच. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आणि निहाली बोलणारी कुटुंबं राहतात. निहालीचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी पक्कं जुळलेलं नाही. मराठी वर्गात बुजणाऱ्या अशा मुलाला लगोरी रचायला मराठी लागत नाही. नेम आणि हात पुरतात.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि अडथळ्यांविना प्रवेश सांगितला आहे. नागपुरात दिव्यांगांसह सगळ्यांना एकत्र वापरता येईल असं ९० हजार चौरस फुटांचं ‘अनुभूती’ उद्यान २०२३ साली जाहीर झालं. गावाला एवढा पसारा नको. शाळा व्यवस्थापन समितीने अंदाजपत्रक करण्याआधी गावातली दिव्यांग मुलं आणि त्यांच्या आया यांना मैदानावर बोलवावं, कुठे अडतं ते विचारावं आणि पहिला पैसा तिथेच खर्चावा.